सप्रेम भेट, परतीची मुदत सात दिवस

पवनानगरात कुरिअरनं आलेली वस्तू थेट घरी येत नाही. ती आधी बाजारपेठेत उतरते, एखाद्या दुकानाच्या फळीवर बसते, चार जण तिला उचलून बघतात, दोघं हलवून बघतात, आणि संध्याकाळी मालकाला निरोप मिळतो की तुमचं कायतरी आलंय. कामशेतहून वर येणाऱ्या पोराला आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांचे सगळे रस्ते पाठ आहेत. त्यामुळेच तो तिकडे जात नाही. २०२५च्या दिवाळीत माझ्या नावाचं खोकं असंच किराणा दुकानात येऊन बसलं होतं. मी पोचेपर्यंत ते वॉशिंग मशीन असल्याचं बाजारपेठेत ठरलं होतं. एक जण फ्रिजवर अडून होता, पण त्याच्या बाजूनं कुणी नव्हतं. 'कॉम्प्युटर आहे' असं मी सांगितल्यावर सगळ्यांचाच हिरमोड झाला. वॉशिंग मशीनवर बोलण्यासारखं पुष्कळ होतं.

पाठवला होता भाच्यानं. धाकट्या बहिणीचा मुलगा, हिंजवडीत कामाला. पगार विचारला तर 'पॅकेज' आणि 'हातात' असे दोन आकडे सांगतो आणि मला दोन्हींवर विश्वास ठेवणं जड जातं. त्याचा फोन आला, "मामा, तुमच्या त्या जुन्या मशीनवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबरपासून त्याचे अपडेट बंद झाले. आता ते वापरणं धोक्याचं." सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला असल्या तारखांची भीती वाटत नाही. जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला लागणारी टीपीएमची सोय त्यात नाही, हे मला ठाऊक होतं. आणखी एक वर्ष सुरक्षेपुरते अपडेट घेण्याची वाट कंपनीनं मागच्या दारानं ठेवली आहे, हेही मी वाचलं होतं. म्हणजे मशीन निवृत्त झालं नव्हतं, त्याला मुदतवाढ मिळाली होती, आणि मुदतवाढीवरचा माणूस कसा काम करतो ते आमच्या पिढीला शिकवायला नको. पण भाच्याला हे सांगेपर्यंत खोकं फळीवर येऊन बसलं होतं.

घरी आणून उघडलं. आत काळा उभा डबा, त्याला एका बाजूनं काच, आणि चालू केल्यावर आतले पंखे रंगीबेरंगी उजेडात फिरायला लागले. लाल, मग जांभळा, मग हिरवा, मग परत लाल. सौ. दारात उभी राहून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे बंद कुठनं करायचं?" शेजारचे अण्णा आले. त्यांच्या मते ऐन गणपतीत आला असता तर मखराचा खर्च वाचला असता. धरणाच्या पाण्याकडेला ज्याचे टेंट आहेत तो दादा आला. त्यानं डब्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला नको असंल तर शनिवार-रविवार मला द्या. बाकी काही नको, नुसता लावून ठीवतो. पुण्याची पब्लिक फोटो काढती." कॉम्प्युटरनं काय काम होतं हे अजून कुणी विचारलं नव्हतं.

ते मीच करून बघितलं. माझं काम म्हणजे सातबारा बघणं, वीजबिल भरणं, आणि ग्रामस्थांच्या वतीनं कुठल्या ना कुठल्या साहेबांना अर्ज टाइप करणं. भाच्यानं घेतलेल्या मशीनमध्ये गेम खेळणाऱ्यांचं ग्राफिक्स कार्ड होतं. त्यावर सातबारा उघडला. क्षेत्र तेवढंच होतं, पोटखराबा तेवढाच होता, आणि सोसायटीचा बोजाही जिथल्या तिथं होता.

ठेवायचा की परत करायचा, हा प्रश्न सौ.नं काढला. तिला मशीनची काही अडचण नव्हती, अडचण किमतीची होती. भेट म्हणून मागवलेल्या वस्तूच्या खोक्यात कंपनी किमतीची पावती घालत नाही. शहरात ही सभ्यता असेल. आमच्याकडे ही पंचाईत आहे. मावळात कुणाच्याही घरी लोखंडी कपाटात, दागिन्यांच्या डब्याच्या वर, आहेराची वही असते. लग्नात कुणी काय दिलं, किती रोख, साडी कुठल्या भावाची, भांडं पितळी का स्टीलचं, हे त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पत्रिकेत खाली 'कृपया आहेर आणू नये' असं छापायची पद्धत आहे आणि मांडवात दाराशीच वही-पेन घेऊन भाऊबंदांतला एक हिशेबी माणूस बसवायचीही पद्धत आहे. दोन्ही एकाच लग्नात असतात आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही. वही पुढे वीस-पंचवीस वर्षं कामाला येते. ज्याच्याकडून पाचशे आले त्याच्या घरच्या लग्नात एक हजार जायला हवेत, एवढं महागाईचं भान रिझर्व्ह बँकेनंतर आमच्या बायकांनाच असेल.

तर सौ.चं म्हणणं सरळ होतं. "वन्संच्या पोराचं लग्न आज ना उद्या निघेल. हे वहीत किती म्हणून लिहू? आणि त्याच्या लग्नात आपण काय देणार, ट्रॅक्टर?"

मी म्हटलं, साडी फिरते तसा हा पण फिरवू. आहेराची साडी फिरते हे उघड गुपित आहे. घडी न मोडता, प्लास्टिकच्या पिशवीसकट, ती या मांडवातून त्या मांडवात जाते. आमच्याकडून गेलेली एक मोरपंखी साडी तीन तालुके हिंडून सौ.च्याच मांडीवर परत आली, आणि तिनं ती पिशवीच्या कोपऱ्यातल्या डागावरून ओळखली. टॉवेल-टोपी तर अंगाला लागायची नसतेच. पण सात-आठ किलोचा, काचेचा, रंगीत उजेड पडणारा डबा मांडवात कुणाच्या मांडीवर ठेवणार?

मग कंपनीलाच परत. सात दिवसांची मुदत होती. मी मोबाईलवर नियम वाचले. वस्तू मूळ स्थितीत हवी, मूळ वेष्टनात हवी, सोबतचं सगळं सामान हवं.

मूळ स्थितीचं असं झालं होतं की मध्ये लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं. घरात नवीन यंत्र आलं आणि त्याला हळदकुंकू लागलं नाही असं आमच्या घरात होत नाही. पंपाला लागलं, मिक्सरला लागलं, पोराच्या मोटारसायकलला लागलं. कॉम्प्युटरच्या काचेवर सौ.नं बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, वर अक्षता, आणि पंख्याच्या जाळीत झेंडूची एक पाकळी अडकली होती. ती पाकळी पंखा फिरला की टकटक वाजायची. कंपनीच्या तपासणीच्या यादीत स्क्रॅच, डेंट, पाण्याचा डाग एवढेच प्रकार होते.

मूळ वेष्टनाचं त्याहून पुढचं. दिवाळीत पोरं किल्ला करतात. आमच्या आळीतली पोरं दरवर्षी तिकोना करतात, कारण तो अंगणातून समोरच दिसतो आणि बघून बघून करता येतो. तुंगही दिसतो, पण त्याच्या सुळक्याला माती फार लागते. त्या वर्षी पावसानं माती ओली, चिखल काही केल्या उभा राहीना. तेवढ्यात आमच्या ओट्यावर त्यांना थर्माकोलचे चार घडीव कोपरे दिसले. मी मोबाईलवर नियम वाचून बाहेर आलो तेव्हा कोपरे गेरूनं रंगवून बुरूज झाले होते, त्यांवर मावळे उभे होते, आणि मधल्या खाचेत, जिथं कॉम्प्युटरचा वरचा काठ बसायचा, तिथं पाण्याचं टाकं केलं होतं. त्यात पाणीसुद्धा होतं. पोरांना म्हटलं, हे कंपनीला परत द्यायचंय. त्यांच्यातला सगळ्यात बारका म्हणाला, "किल्ला असा देत नसत्यात, आजोबा."

तरी म्हटलं, अर्ज करून बघू. परत का करता, याला पर्याय दिले होते: वस्तू सदोष आहे, चुकीची वस्तू आली, कमी किमतीत दुसरीकडे मिळाली, आता नको आहे. 'भाच्यानं उगाच एवढा खर्च केला' हा पर्याय नव्हता, जो महाराष्ट्रातल्या निम्म्या मामांना लागेल. आणि खरी मेख त्याच्या खाली होती. मागवणाऱ्याच्या खात्यातूनच परतीचा अर्ज करता येणार, घ्यायला माणूस येईल तेव्हा ओटीपी मागवणाऱ्याच्या मोबाईलवर जाणार, आणि पैसेही त्यालाच जाणार. म्हणजे भाच्याची भेट भाच्याला न कळता परत करायची तर भाच्यालाच फोन करून ओटीपी विचारायचा.

या टप्प्यावर माहितगार माणूस बोलवायचं ठरलं. बाजारपेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवणारा पोरगा आमच्याकडचा यातला तज्ज्ञ. तो आला, त्यानं काच खोलली, झेंडूची पाकळी काढून सौ.च्या हातात दिली आणि टॉर्च लावून आत बघायला लागला.

"मामा, मशीन भारीये. पण रेडिमेड आहे."

रेडिमेडमध्ये वाईट काय, विचारलं. तर म्हणाला, कंपनीवाले पैसा कुठं घालतात, जे जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापता येतं तिथं. प्रोसेसरचं नाव छापतात, ग्राफिक्स कार्डाचं छापतात, दिवे तर दिसतातच. वीज पुरवणारा एसएमपीएस कुणाचा, बोर्डाला स्लॉट किती, हे गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून काटकसर तिथं. त्यानं बोट लावून दाखवलं. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी. शेजारचा स्लॉट मोकळा. आठ-आठच्या दोन असत्या तर दोन्ही वाटांनी माल गेला असता, आता एकाच वाटेनं जातो. एसएमपीएसवर वॅट ढीगभर लिहिलेत पण ८० प्लसचा शिक्का नाही. हा शिक्का असला की भिंतीतून ओढलेल्या विजेतली निदान ८० टक्के तरी कामी लागते असं समजायचं. नसला की समजायला काहीच नाही. "आणि आपल्याकडची लाईट तुम्हाला म्हाईतच हाय. जाती गुपचूप, पण येती ती तणतणत. याला चांगला यूपीएस पायजे. हेच पार्ट सुटे घेऊन जोडले असते, मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन, तर एसएमपीएस तरी नावाचा बसवला असता." लॅमिंग्टन रोडला कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात. पण ते नाव सांगून तिथं कुणी रॅम विकत घेतलेली नाही.

गावात दोन तट पडले. निवृत्त गुरुजी परतीच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा राष्ट्रीय पातळीवरचा होता. अमेरिकेनं आपल्याला हवा तो महासंगणक नाकारला, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं, आणि १९९१ साली डॉ. विजय भटकरांच्या मंडळींनी परम ८००० उभा केला. "नकारातून देश उभा राहतो," गुरुजी म्हणाले, "आयतं मिळालं की माणूस बसतो." मी म्हटलं, गुरुजी, मी निवृत्तच आहे, मला बसायचंच आहे. टेंटवाला दादा अर्थातच ठेवण्याच्या बाजूनं. अण्णा दोन्ही बाजूंनी, कारण चहा दोन्ही बाजूंना मिळत होता. या चर्चेत भातकापणी आली, मग झोडणी आली, आणि सात दिवस केव्हा उलटले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मुदत संपल्याचं कळल्यावर चर्चा थांबेल असं मला वाटलं होतं. उलट ती मोकळेपणानं व्हायला लागली.

आता प्रश्न कंपनीचा उरला नव्हता. भाऊबीजेच्या साडीचं निमित्त काढून बहिणीच्या घरी डबा नेऊन ठेवायचा, असा सौ.चा बेत होता. पण दिलेली वस्तू परत नेऊन ठेवणं आमच्याकडे शोभत नाही, आणि हे 'आमच्याकडे' फार जुनं आहे. कामशेतहून पवनानगरला येताना वाटेत बेडशाची लेणी लागतात. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे: नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुष्यणक याचं दान. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबाखांबावर देणाऱ्यांची नावं आहेत. धेनुकाकटाचे यवन सुद्धा त्यात आहेत. कुठून कुठं आले, एकेक खांब दिला आणि त्यावर नाव घालून गेले. वैजयंतीच्या भूतपाल शेठींनी तर हे लेणं जंबुद्वीपात सर्वांत उत्तम असल्याचंही कोरून ठेवलंय, म्हणजे पाहुण्यांना मत बनवायचे कष्ट नकोत. मला या लेखांत भक्तीइतकाच व्यवहार दिसतो. खांबावर नाव कोरलं की तो खांब दुसऱ्या कुणाच्या लेण्याला आहेर म्हणून देता येत नाही.

आमच्या भांड्यांच्या दुकानांत हीच विद्या अजून चालते. पातेलं घेतलं की दुकानदार विचारतो, "नाव घालायचं ना?" आणि ते टरटरणारं यंत्र काढून काठाखाली टिंबाटिंबांनी नाव, गाव, तारीख घालतो. देणाऱ्याचं नाव पडलं की पातेलं जन्मभर त्या घरात राहतं. साडीवर नाव घालता येत नाही, म्हणून साडी बिचारी हिंडत राहते.

डिसेंबर लागला तसा झेरॉक्सवाला पोरगा पुन्हा आला. बसला, पाणी प्यायला, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, ती रॅमची पट्टी विकताय का?"

मी म्हटलं, तूच म्हणालास एकच पट्टी आहे, हलकं काम आहे. तर म्हणाला, तेव्हाचं वेगळं होतं. मग त्यानं सांगितलं ते ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. जगात रॅमची चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. आता या एआयसाठी जिकडंतिकडं डेटा सेंटरं उभी राहतायत, त्यांना मेमरी लागते डोंगराएवढी, आणि ते सांगाल तो भाव देतात. मग घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरणार काय? मायक्रॉननं तर ३ डिसेंबरला जाहीर करून टाकलं की त्यांचा क्रुशल नावाचा किरकोळ धंदा बंद. दिवाळीच्या आधीपासून भाव चढत होते, आता कुठं दुप्पट झालेत, कुठं तिप्पट. "पुण्यातले दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी देत न्हाईत, मामा. तुमच्या भाच्यानं दिवाळीला घेतला म्हणून बरं. आज असला डबा त्या पैशात येत न्हाई."

आमच्या भागात भाव म्हटलं की लोक इंद्रायणी तांदळाचा समजतात, आणि पाणी म्हटलं की पवना धरणात ८.५१ टीएमसीपैकी किती झालं ते सांगतात. रॅमच्या भावाची चौकशी पवनानगरच्या बाजारपेठेत पहिल्यांदाच व्हायला लागली. अण्णा मला रस्त्यात गाठून विचारायला लागले, "आज काय, चढली का उतरली?" गुरुजींनी मत बदललं. आयती वस्तू वाईट असते, पण भाव वाढणारी आयती वस्तू ही गुंतवणूक असते, असं त्यांच्या वाचनात आलं होतं म्हणे.

सौ. मात्र खचली. पडून राहिलेला आहेर वाढत जातो हे तिनं पहिल्यांदाच बघितलं. सोनं वाढतं हे ठीक आहे. सोनं दिसतं, सोनं मोडता येतं. इथं काचेच्या आड एक बारकीशी पट्टी, तिला हात लावायचीही भीती, आणि रोज सकाळी आपण वन्संच्या आणखी थोड्या देण्यात. वर मी त्या पट्टीच्या जोरावर ग्रामपंचायतीला पाणंद रस्त्याचा अर्ज टाइप करत होतो.

शेवटी तिनंच निकाल लावला. एका बुधवारी काचेच्या विरुद्ध बाजूचा पत्रा चार स्क्रू काढून पिशवीत घातला आणि मला घेऊन भांड्याच्या दुकानात गेली. दुकानदारानं पत्रा उलटापालटा करून बघितला. भांडं नव्हतं, झाकण नव्हतं, ताट म्हणावं तर भोकं होती. पण नाव घालायचं म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही. यंत्र हातात घेतलं आणि सवयीनं सुरुवात केली, 'कै.'

"अहो, जिवंत आहे पोरगा!" सौ. ओरडली.

पत्र्यावरचं ते 'कै.' आता निघत नाही. त्याच्यापुढं 'विंडोज १० यांच्या स्मरणार्थ' अशी दुरुस्ती दुकानदारानं मीच सुचवल्यावरून केली, आणि खाली भाच्याचं नाव, मु. पो. हिंजवडी, सप्रेम भेट, दिवाळी २०२५. पत्रा बसवल्यावर मशीन घरातलं झालं. ते आता परतही जाणार नाही आणि फिरणारही नाही. टेंटवाल्या दादानं ते बघून आपली मागणी स्वतःहून मागे घेतली, पब्लिकला 'कै.' बघून मजा वाटणार नाही असं त्याचं म्हणणं.

वहीत नोंद झाली आहे. नाव, नातं, वस्तू हे सगळं पेनानं, आणि रकमेचा रकाना तेवढा पेन्सिलनं. झेरॉक्सवाला पोरगा आठवड्याला भाव सांगून जातो, सौ. खोडरबर घेऊन बसते. त्या रकान्यात कागद पातळ झालाय. भाच्याला मुली बघणं चालू आहे, परवा तळेगावचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. सौ.नं तातडीनं बहिणीला फोन लावला.

"वन्सं, एवढ्यात तारीख काढू नका. मेमरी जरा उतरू द्या."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग बहीण म्हणाली, "वहिनी, पोरगी एमबीए आहे. तिची मेमरी कशाला उतरवताय?"